एक्केचाळीस नंबरचा चेहरा

विद्यापीठाच्या त्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं मदतनीस होती. आलेल्या माणसाला पडद्यासमोर बसवायचं, एकेक अनोळखी चेहरा दाखवायचा आणि कुणाला कोण आवडतं याचे आकडे जमवायचे, एवढं तिचं काम. सर नेहमी म्हणायचे, "जो तो सांगतो, मी स्वभाव बघून जोडीदार निवडला. डोळे त्याआधीच निवडून मोकळे झालेले असतात!"

त्या साठ चेहऱ्यांतला एक्केचाळीस नंबरचा चेहरा तिचा स्वतःचा होता. एकोणिसाव्या वर्षी, इथेच शिकत असताना, तिने तो फोटो काढू दिला होता. खालचा जबडा पुढे आलेला, हनुवटी लांबोडकी. वर्गातली पोरं तिला 'होडी' म्हणायची. तीन वर्षांनी ऑपरेशन झालं, जबडा मागे घेतला आणि चेहरा असा बदलला की आईसुद्धा दोन दिवस चाचरत बोलली. नवरा भेटला तो त्यानंतर. त्याला सांगायचं आज राहिलं, उद्या राहिलं, मग कायमचंच राहिलं. सर तर खूप नंतर आलेले. त्यांना कुठून कळणार?

एरवी हे चालून गेलं असतं. पण लेक नऊ वर्षांची झाली आणि तिचे खालचे दात वरच्या दातांपुढे यायला लागले.

त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली होती. नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दोन शिकवण्यांमधल्या वेळात तो चष्मा द्यायला आला. नेमके सर दारात.

"या, या! चाळिशीतले विवाहित पुरुष कमी पडतायत आम्हाला. वीस मिनिटं बसता का?"

"सर, त्यांना उशीर होईल," ती घाईने म्हणाली.

"छे गं, अजून तासभर मोकळा आहे मी," म्हणत नवरा बसलासुद्धा.

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. ती काचेपलीकडे आपल्या यंत्रापाशी जाऊन बसली. तो बटणं दाबत होता आणि इकडे आकडे उमटत होते. पाच, चार, सहा, चार. मग एक्केचाळिसावा चेहरा आला. त्याने पुरती दोन सेकंदंही घेतली नाहीत. सातपैकी दोन. खालचा प्रश्न होता, 'अशा व्यक्तीबरोबर आयुष्य काढाल का?' नाही.

बाहेर आल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "मध्ये एक मोठ्या हनुवटीची पोरगी होती बघ. वाईट वाटलं गं. कोण करणार बिचारीशी लग्न?"

त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. खरंच वाईट वाटलं होतं त्याला.

त्याच आठवड्यात दोघं लेकीला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "जबडा अजून वाढणार. तारांनी थोडं सावरेल. ऑपरेशन लागलंच, तर अठरा वर्षांची झाल्यावर. घरात कुणाचा असा आहे?"

"आमच्याकडे तर नाही," नवरा म्हणाला आणि तिच्याकडे वळला. "तुमच्याकडे?"

खुर्चीतून लेक टुकूटुकू बघत होती.

"माझा," ती म्हणाली. "माझाच होता."

घरी येऊन लेक खेळायला गेल्यावर तिने सगळं सांगितलं. फोटो, होडी, ऑपरेशन, एक्केचाळीस नंबर, दोनचा आकडा. तो आधी हसला, थट्टा समजून. मग त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तो तिच्या हनुवटीकडे बघायला लागला, आणि आपण बघतोय हे लक्षात आल्यावर त्याने नजर फरशीवर वळवली.

त्यानंतर तो उठताबसता दोघींचं कौतुक करू लागला. "काय सुंदर दिसतेस!" सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. लेकीला तर दिवसातून दहादा. शेवटी तीच एकदा करवादली, "बाबा, तुम्ही सारखं सारखं का म्हणता? मी वाईट दिसते का?"

पोरगी दप्तर घेऊन आत गेली.

"मी परत येऊन बसतो त्या प्रयोगाला," तो म्हणाला. "सात देतो तिला. मनापासून देईन."

"एका माणसाला एकदाच बसता येतं."

"मग ते दोन तरी खोडून टाक."

"नाही खोडता येत. आणि खोडून तरी काय? तेव्हा तू खरं तेच दाबलंस ना?"

तो खोटं बोलू शकला असता. पण तसला नव्हता तो. म्हणून तर तिने त्याला पसंत केलं होतं.

"आता मी काय करू, सांग ना," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. आत लेकीने कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला; आरसा त्या दाराच्या आतल्या बाजूला होता. दोघांनी तो ऐकला. बराच वेळ ते दार बंद झालं नाही.