शेजारी: शून्य

बाबांच्या गळ्यात बटण अडकवल्यानं थोरल्या सुनेच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी पाहू. दुपारी घराचं दार ओढून घेऊन तिला मैत्रिणींच्या रमीच्या अड्ड्यावर निर्धास्त जाता येणार होतं. ‘बाबांजवळ कोण आहे?’ हे नवऱ्याचं ऑफिसातून येणारं पालुपद थांबणार होतं. धाकटी जाऊ दुसऱ्या गावात राहून फोनवरून सासऱ्यांची सेवा करायची. तिला थोरलीला नावं ठेवायला जागा उरणार नव्हती. आणि सगळ्यात मोठी जमा तिनं कुणाला बोलून दाखवली नव्हती: सासरे कुठं आहेत, हे आता तिला केव्हाही कळणार होतं.

बाबांच्या पदरात काय पडणार होतं? पदरात काही नाही. गळ्यात एक दोरी.

बटण फुकटचं होतं, हेही खरंच. इमारतीच्या कमिटीनं घरोघरी छताला धूर हुंगणाऱ्या डब्या बसवायचं ठरवलं, आणि ज्या घरात म्हातारं माणूस त्या घराला डबीबरोबर एक बटण. पडलं-झडलं तर दाबायचं, की घरच्यांचे आणि वॉचमनचा असे सगळे फोन खणखणतात. बटणावर बारीक दिवा होता. निरोप पोचला तर हिरवा, नाही पोचला तर लाल.

डबी बसवायला आलेला माणूस बोलका होता. बैठकीच्या छताला भोक पाडता पाडता त्यानं सगळं शास्त्र सांगून टाकलं. “ही डबी झोपाळू आहे बरं का. बॅटरी वाचवायची असते ना. मधूनच जागी होते, हळूच ‘मी आहे’ म्हणते, आणि आणखी कोण कोण ‘मी आहे’ म्हणतंय ते ऐकते. बटणाचंही तसंच. जे ऐकू येतात ते त्याचे शेजारी. भिंतीला भिंत लागून असली आणि ऐकू येत नसलं, तर तो शेजारी नाही. शेजाऱ्यांतला ज्याचा आवाज सगळ्यात चांगला, त्याच्या हाती आपला निरोप द्यायचा, तो पुढं पोचवतो. त्याला म्हणायचं पालक. आणि बराच वेळ कुणाचा आवाज आला नाही, की त्याचं नाव खोडायचं.”

“म्हणजे माणसांसारखंच,” स्टूल धरून उभा असलेला थोरला म्हणाला.

“माणसांपेक्षा बरं. ऐकल्याशिवाय ही कुणाबद्दल मत करत नाही.”

थोरल्या सुनेनं यातलं काही ऐकलं नाही. छतातून पडलेला चुना बघून ती केरसुणी आणायला गेली होती, आणि परत आली ती केरसुणीपेक्षा जास्त आवाज करत. डबीवाल्यानं तिच्या फोनमध्ये सगळं चालू करून दिलं, बाबांच्या नावाची ओळ दाखवली आणि तो पुढच्या घरी गेला.

पहिले काही दिवस ओळ गुणी होती. ‘बाबा. शेजारी: ३. पालक: बैठक.’ सून रमीच्या डावात पानं लावता लावता ती ओळ बघायची आणि समाधानानं पान टाकायची. मग एका दुपारी ओळ बदलली. ‘शेजारी: १. पालक: तिसरा मजला, डावीकडचं घर.’

तिच्या हातातली पानं तशीच राहिली. हे कुटुंब पहिल्या मजल्यावर राहायचं. दुसऱ्या मजल्यावरचं घर मालकानं बंद ठेवलेलं, तिथं डबी बसलीच नव्हती. आणि तिसऱ्या मजल्यावर डावीकडे गाणंबाई राहायच्या: एकट्या, साठीच्या आत-बाहेर, मुलींना गाणं शिकवणाऱ्या, केस काळे ठेवणाऱ्या. काळ्या केसांची नोंद थोरल्या सुनेनं पूर्वीच घेऊन ठेवली होती.

ती घरी आली तेव्हा बाबा बैठकीत पेपर वाचत होते आणि ओळ पुन्हा शहाण्यासारखी ‘पालक: बैठक’ म्हणत होती. दुसऱ्या दुपारी पुन्हा तिसरा मजला. तिसऱ्या दुपारीही.

“अहो, पालक म्हणजे काय?” तिनं रात्री जेवताना नवऱ्याला विचारलं.

“भाजी.”

“चेष्टा पुरे. हे बघा. बाबांचा पालक कोण, तर तिसरा मजला, डावीकडे. पोराच्या शाळेत पालक म्हणून सही कोण करायचं? मी. मग बाबांची पालक ती कशी झाली?”

थोरल्यानं फोन नाकाशी धरला. स्टुलावरची ती चर्चा त्याला आठवत होती, पण पावसात भिजलेल्या पत्रासारखी, मधलीच एखादी ओळ. “तो डबीवाला काहीतरी म्हणाला होता बुवा. ज्याचा आवाज सगळ्यात चांगला, त्याला पालक करतात.”

“आवाज!” सून म्हणाली. “आवाज चांगला आहेच बाईंचा. अख्ख्या इमारतीला माहीत आहे.”

अर्धी आठवण ही संपूर्ण विसरण्यापेक्षा वाईट. एक फोन डबीवाल्याला केला असता तर काम झालं असतं. पण संशयी माणूस खुलासा मागत नाही. खुलासा मिळाला तर संशय हातचा जातो. तिनं फोन केला तो धाकट्या जावेला.

“ताई, इथं पाणी मुरतंय,” धाकटी म्हणाली. धाकटीच्या मते जगातल्या प्रत्येक भिंतीत पाणी मुरत होतं. “आज पालक, उद्या मालक. तुम्ही आपल्या भोळ्या.”

भोळी म्हटल्यावर थोरली पेटली. तिनं बाबांनाच धरलं.

“बाबा, दुपारी तुम्ही कुठं असता?”

“घरात. या वयात आणखी कुठं?”

“मग हे काय?”

बाबांचा उभा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. त्यांनी चष्मा लावला, ओळ डावीकडून उजवीकडे नीट वाचली आणि फोन परत दिला. “शुद्धलेखन बरोबर आहे,” ते म्हणाले.

आता बाबा दुपारी खरंच कुठं असायचे, तेही सांगून टाकू, कारण ते सुनेपासून लपवायचं होतं, तुमच्यापासून नाही. स्वयंपाकघराच्या मागं कपडे धुण्याच्या मशीनचा एक चिंचोळा कोपरा होता. तिथली खिडकी इमारतीच्या मधल्या बोळकांडीत उघडायची, तळापासून गच्चीपर्यंत मोकळ्या, पाइपांनी भरलेल्या. सून बाहेर गेली की बाबा तिथं एक लाकडी पाट टाकून बसायचे आणि एक सिगारेट ओढायचे. डॉक्टरांनी बंद केलेली, सुनेनं शपथ घालून बंद केलेली, आणि इस्त्रीवाला रोज इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशातून आणून द्यायचा ती. कोपरा आणि बैठक यांच्यामध्ये दोन जाड भिंती आणि एक लोखंडी कपाट. बैठकीतल्या डबीचा आवाज तिथं येत नव्हता. बोळकांडीतून मात्र गाणंबाईंच्या स्वयंपाकघरातली डबी सरळ ऐकू यायची. बटणानं तिला पालक केलं. धूरही त्याच वाटेनं वर जायचा. तिसऱ्या मजल्यापर्यंत इतका विरळ व्हायचा की डबीला लागायचा नाही, बाईंच्या नाकाला तेवढा लागायचा. एकदा त्यांनी खिडकीतून “कोण ओढतंय खाली?” म्हणून विचारलं होतं. बाबांनी सिगारेट मुठीत लपवून वर बघत हात जोडले होते. एवढाच काय तो त्यांचा संबंध.

बाबा हे सुनेला सांगू शकले असते. पण सिगारेट कबूल केली असती तर ती सुटली असती. उलट अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी आपल्यावर असा आळ येतो आहे, ही गोष्ट त्यांना तितकीशी वाईट वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली. सुनेनं दाढीही हिशेबात धरली.

सामना झाला जिन्यात. गाणंबाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या, थोरली दार उघडून आडवी उभी राहिली.

“बाई, जरा थांबा. आमच्या बाबांचं बघायला आम्ही आहोत म्हटलं.”

“बरं आहे की.”

“तुम्ही त्रास घेऊ नका.”

“कसला त्रास?”

“ते तुम्हाला माहीत आणि त्यांना. रोज दुपारी ते तुमच्याकडे असतात, ते काय माझ्या मनचं सांगते? इथं लिहून येतं. पालक म्हणून तुमचं घर लागलंय.”

बाईंची पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. “माझ्याकडे? दुपारी माझ्याकडे पोरी असतात गाण्याला. तुमचे सासरे दुपारी कुठं असतात ते मला विचारता? ते तर...”

त्या थांबल्या. सुनेच्या खांद्यामागं, दाराच्या फटीत, बाबा उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं होतं, आणि चेहरा असा की शाळेतल्या पोरानंसुद्धा केला नसता.

“ते तर काय?” सुनेनं विचारलं.

“काही नाही,” गाणंबाई म्हणाल्या. “भिंतींना कान असतात म्हणायचे, आता छताला बसवलेत. माझ्या घरात नको मला तो.”

त्या वर गेल्या, स्टुलावर चढल्या, डबी फिरवून काढली, तिच्या पोटातली बॅटरी काढली आणि दोन्ही गाण्याच्या वह्यांच्या खणात टाकून खण लावला. त्यांनी एका म्हाताऱ्याची लाज राखली आणि आपलीही. शेजार तुटला तो बटणाचा, पण ते अजून कुणाला दिसत नव्हतं.

दुसऱ्या दुपारी रमीच्या अड्ड्यावर सुनेनं फोन पाहिला. ‘बाबा. पालक: शोधत आहे. शेजारी: ०.’

शून्य! तिनं ती ओळ मैत्रिणींना दाखवली, धाकटीला पाठवली. “सुटलात, ताई,” धाकटीचं उत्तर आलं, आणि त्यात नाराजीचा वास होता, कारण सुटका झाली की फोन करायला विषय उरत नाही. त्या आठवड्यात थोरली रोज दुपारी ते शून्य बघायची आणि रोज तिला ते थोडं जास्त गोल वाटायचं. बाबांचा शेजार तुटला, हे तिनं अगदी बरोबर वाचलं होतं. अक्षर न् अक्षर बरोबर.

मग मशीनचा पाइप गळाला. कोपऱ्यात साबणाचं पाणी साचलं, पाट सरकला, बाबा कुशीवर आपटले. उठायला गेले तर डावा पाय आपला नसल्यासारखा पडून राहिला. त्यांनी बटण दाबलं. दिवा लाल. पुन्हा दाबलं. बटण जागं झालं, ‘मी आहे’ म्हणालं, ‘कुणी आहे का?’ म्हणालं आणि ऐकत राहिलं. लाल.

मग त्यांनी जुना उपाय केला. खिडकीकडे तोंड करून हाक मारली. “अहो! तिसरा मजला!”

गाणंबाईंनी हाक ऐकली. पोरींना हातानं गप्प केलं, पुन्हा ऐकली. पण त्याही आता शिकल्या होत्या. आपण खाली जायचं, त्या घरात सापडायचं आणि दारात सून उभी: तीन वाक्यांत सगळ्या इमारतीला पुरेल एवढी गोष्ट. हा सापळा तर नव्हे? त्यांनी खिडकीतून विचारलं, “सूनबाईंनी बसवलंय का हाक मारायला?”

“पडलोय हो,” खालून आवाज आला. “पाय मोडला बहुतेक.”

बाईंनी सुनेला फोन लावला. सुनेनं पडद्यावर नाव बघितलं. ओळ उघडून पाहिली: शेजारी शून्य. ‘म्हणजे आता समेट करायला निघाली,’ असं म्हणत तिनं फोन पालथा ठेवला आणि पान उचललं. फोन पुन्हा थरथरला, टेबलाच्या कडेपर्यंत सरकत गेला. तिनं तो पर्समध्ये घातला.

शेवटी बाई खाली उतरल्या, दार ठोठावलं, ते लागलेलं. वॉचमनला बोलावलं. तो म्हणाला, वहिनींच्या परवानगीशिवाय दार कसं फोडू, मागं एकदा त्यांच्या कुंडीला हात लावला तर केवढं ऐकावं लागलं. इस्त्रीवाला तेवढ्यात कपडे घेऊन आला. त्यानं गठ्ठा जिन्यात टाकला आणि परवानगी न विचारता खांदा दाराला लावला. बाबा सापडले तेव्हा ओठ निळे पडले होते आणि अंगठा अजून बटणावर होता. पाण्यात एक सिगारेट भिजून फुगली होती. बाईंनी ती उचलून बोळकांडीत टाकली.

डबीवाल्याला नंतर बोलावलं, जाब विचारायला. “तुमचं बटण चाललं नाही,” सून म्हणाली. तिचे डोळे सुजले होते, आवाज मात्र जागेवर होता.

त्यानं फोन घेतला, मागच्या ओळी पाहिल्या. “चाललं की. किती हाका मारल्यात बघा यानं, बैठकीत परत आल्यावर सगळ्या नोंदवल्यात. त्या कोपऱ्यात ऐकणारी डबी एकच होती, तिसऱ्या मजल्याची. ती कुणी काढली? आठवडाभर रोज दुपारी शून्य दाखवतंय. तुम्ही बघितलं नाही?”

“बघितलं,” थोरली म्हणाली. मग तिनं विचारलं, “पालक म्हणजे काय?”

“निरोप पोचवणारा. मी सांगितलं होतं. साहेब स्टूल धरून होते.”

थोरल्यानं छताकडे पाहिलं, जणू छतानंही ते ऐकलं होतं.

आता जमाखर्च. गाणंबाईंनी डबी कुणी न सांगता परत छताला लावली. माफी मागायला त्यांच्या दारात अजून कुणी गेलेलं नाही. थोरलीची रमी सुटली. दुपारी आता घर सोडता येत नाही. नवऱ्याचं पालुपद पुन्हा सुरू झालं. धाकटीला फोन करायला वर्षभराचा विषय मिळाला. सासरे कुठं आहेत हे मात्र थोरलीला केव्हाही कळतं, जे तिला हवं होतं तेच: खिडकीजवळची खाट, ‘शेजारी: ३, पालक: बैठक’, सकाळ-संध्याकाळ, ओळीत काडीचा बदल नाही. वाचायची चूक सुनेची, विसरणं थोरल्याचं, गप्प राहणं गाणंबाईंचं, ऐट बाबांची. वाटे असे चौघांत पडले.

पाय एकट्या बाबांचा.