न घेतलेला घास

फाल्गुन उतरणीला लागला होता. माळावरचा पळस पेटून पेटून थकला होता. कडुनिंबाच्या मोहोराचा कोवळा, कडवट गंध वाऱ्यावर तरंगत होता. काळ्या दगडाच्या त्या बुटक्या प्रार्थनामंदिरावर उन्हाचं सुवर्णवस्त्र हळूहळू उलगडत होतं. उपवासकाळातला रविवार. शुभ्र साड्या, शुभ्र सदरे, शुभ्र चेहरे. मनांचा रंग कुणी विचारत नव्हतं.

पवित्र मेजावर, शुभ्र रुमालाखाली, गव्हाची पोळी. पहाटे तबिथानं लाटलेली. प्रभुभोजनाची भाकर वाघचौऱ्यांच्या धाकट्या सुनेच्या हातची, हा मंडळीचा जुना रिवाज. त्याच हातांविषयी कुजबुज, हा नवा.

कारण नाताळात सासूबाई गेल्या. अंथरुणाला खिळलेल्या त्या देहाला तबिथानंच भरवलं होतं, पुसलं होतं, कुशीवर वळवलं होतं. आणि मूठमाती देताना, ओल्या मातीच्या काठावर उभी राहून, थोरली जाऊ प्रेमलता सगळ्यांदेखत म्हणाली, "हिनं म्हातारीला उपाशी मारलं."

तेव्हापासून दर प्रभुभोजनाला दोघी हातात हात घेत. "शांती असो, बाई." "शांती असो." बर्फगार बोटं, मधाळ शब्द. मंडळीचा जीव भांड्यात.

आजही पाळकसाहेब म्हणाले, "आपापल्या अंतःकरणाची परीक्षा करा. मनात अढी ठेवून ही भाकर घेऊ नये." शांतता पसरली, रीतीपुरती. कुणाला चूल आठवली, कुणाला बांध, येशूदासमामांना जांभई आली. एका शिंकेच्या अवधीत सगळी मंडळी स्वतःला तपासून पासही झाली.

तबिथा मात्र खरंच आत उतरली.

निळ्याकाळ्या, निःशब्द विहिरीत उतरावं तशी, पायरी पायरीनं. आत राग होता. जळता, लखलखता, खरा. आणि रागाच्या तळाशी, शेवाळासारखी हिरवी, मऊ, निसरडी, रागाची आवड. झालेला अपमान ती रोज घासत होती, सणाच्या समईसारखा, चकाकेपर्यंत. त्या आवडीची तिला लाज वाटली. रागाची नाही वाटली.

प्रभू, ही आवड तू घे. राग आज माझ्याजवळ राहील. तो गेला असं म्हटलं, तर मी खोटी ठरेन.

प्रेमलतेचा हात पुढे आला. बांगड्या किणकिणल्या. "शांती असो."

तबिथाचे हात मांडीवरच राहिले.

रांगा उठल्या, पुढे सरकल्या, गुडघे टेकले. अख्खं बाक ओस पडलं आणि त्यावर एकच बाई उरली. नजरा वळल्या, कळवळ्याच्या थोड्या, चव घेणाऱ्या पुष्कळ. लोकांचा हिशेब सोपा असतो. जी उठत नाही ती दोषी. म्हणजे म्हातारी उपाशीच गेली म्हणायची!

पाळकसाहेब तबक घेऊन खाली आले, वाकले, पुटपुटले, "तबिथाबाई, घ्या ना. लोक काय समजतील?"

"समजू द्या, साहेब." आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "सासूबाईंना मी उपाशी ठेवलं नाही. तसं बोलणारीवर माझा राग आहे, आणि तो गेलेला नाही. जाईल त्या दिवशी माझ्या पायांनी पुढे येईन. तोवर पोळी लाटीन. पण खोटं गिळणार नाही."

"पोळी झकास झालीय बरं का," येशूदासमामा पुढून खाकरले. "कुणी तिला दोष देऊ नका." कुणी हसलं, कुणी हसू पदरात लपवलं.

आणि जी शांती तिनं हातावर ठेवली नव्हती, ती तिच्या आत अलगद येऊन बसली. गढूळ पाणी निवळावं तशी. न बोलावता, न वाजता.

दाराशी प्रेमलतेनं तिला गाठलं. "अख्ख्या मंडळीत माझी अब्रू काढलीस गं!"

"तुमचं नाव मी कुठं घेतलं, बाई?"

"घ्यायला कशाला हवं? सगळ्यांना ठाऊक आहे, मीच तसं खोटं..."

शब्द निसटला होता. ओठ मिटले, पण उशिरा. प्रेमलतेच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला, भिंतीवरून ऊन उतरावं तसा.

"हे मला नका सांगू," तबिथा हळूच म्हणाली. "सगळ्यांदेखत बोलला होतात. सगळ्यांदेखतच सांगा."

ती पायऱ्या उतरली. माथ्यावर मध्यान्ह होती, शुभ्र, निर्दय, निखळ. माळाचं काहीच झाकलेलं नव्हतं, दगड दगडासारखा, काटा काट्यासारखा. त्या उघड्या उजेडातून ती ताठ चालत गेली, आणि तिची सावली तिच्या पायांशी, लहानशी, काळीशार, तिच्याच मापाची.