चकाकी

तिने चकती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि लगेच बाजूला घेतला. काहीतरी चुकत होतं. घासून आरसा केलेल्या टायटॅनियमवर हाडाच्या पेशी धड कधी बसत नाहीत, सुटून येतात. इथे त्या दाटीवाटीने बसल्या होत्या, आणि सगळ्या एका दिशेने, शाळेत पोरं रांगेत उभी करावीत तशा. अशी रांग त्या फक्त ओरखड्यांत धरतात.

चकती कारखान्याच्या पॉलिश विभागातून आली होती. बाबांच्या विभागातून. कृत्रिम खुब्याचे, मांडीच्या हाडात बसणारे दांडे चमकवण्यात बाबांचा जन्म गेला होता. आता हाड कशाला जास्त धरतं ते बघून मालकांना ठरवायचं होतं, चमक ठेवायची की वाळूचा मारा करून दांडे खडबडीत करायचे. चमक हरली की विभागाला टाळं. आणि तपासायचं काम फिरून फिरून यावं तेही तिच्याच टेबलावर! नशीब म्हणतात ते हेच.

संध्याकाळी ती घरी गेली तेव्हा बाबा लसूण सोलत बसले होते.

"बाबा, एका चकतीवर खरखरीत एमरी पेपर फिरवलात ना?"

त्यांनी सोललेली पाकळीच पुन्हा सोलायला घेतली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? तुमचा हात जसा फिरला, तशाच बसल्यात पेशी."

"अगदी हलकाच फिरवला गं. वाटलं, त्यांना पाय रोवायला जरा आधार होईल." त्यांनी सालं एका बाजूला सारली. "आमच्या विभागावर किती चुली पेटतात, तुला माहीत आहे."

तिला रागही आला आणि रडूही. लहानपणी बाकावरच्या शेजारणीचं बघून गणित लिहिलं, तर याच माणसाने तिला अख्खा धडा पुन्हा सोडवायला लावला होता.

"ती चकती मी बाद करणार आहे."

"कर. निघाली कशी, तेवढं सांग."

खोटं बोलावं असं तिला फार वाटलं. जमलं नाही.

"सगळ्यांत चांगली. वाळूवाल्यांपेक्षाही."

बाबांचा चेहरा उजळला. मग जसजसं लक्षात येत गेलं, तसतसा उतरत गेला.

"म्हणजे जिथे मी माझं काम बिघडवलं, तिथेच हाड धरतं."

तिने समोरची एक पाकळी सोलायला घेतली.

"आणि बिघडवायला काय," ते म्हणाले, "कुणालाही कामाला बसवतील."