रिकामी डबी

लोंबकळणारी वस्तू मला खपत नाही. तीस वर्षं वीज खात्यात तारा ओढल्या, त्यामुळे असेल. आमची चार टीबीची हार्ड डिस्क काळ्या डबीत टेबलावर पडून असायची आणि मागे दोन वायरी. एका सकाळी मी डबी उघडली, आतली डिस्क काढली आणि काँप्युटरच्या पोटात स्क्रूने घट्ट बसवली. चालू करून पाहिलं नाही, स्क्रू बसला म्हणजे काम झालं. रिकामी डबी बायकोच्या, उज्वलाच्या हातात दिली आणि भंगारवाल्याला द्यायला सांगितली. दिली, असं ती संध्याकाळी म्हणाली.

पुढच्या रविवारी आईचा पहिला स्मृतिदिन होता. आईला, धोंडाबाईला, बाबासाहेबांवरच्या जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. शेवटच्या वर्षी मी त्या रेकॉर्ड करून या डिस्कवर ठेवल्या होत्या, आणि त्या विहारात ऐकवणार असं सगळ्यांना सांगून बसलो होतो. शुक्रवारी काँप्युटर चालू केला तर पडद्यावर आलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा.

ओव्या दुसरीकडे कुठेच नव्हत्या. एक वस्तू एकाच जागी, हा माझाच नियम, म्हणून मोबाइलमधल्या मीच पुसल्या होत्या.

केबल बदलली, काँप्युटर तीनदा बंद-चालू केला, शिव्या घातल्या. सूचना तीच. शेजारी म्हणाले, करून टाका फॉरमॅट, सुरू होईल. 'होय'वर बाण नेलाही होता, पण फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, म्हणून थांबलो. शेवटी डिस्क टॉवेलात गुंडाळून गंगापूर रोडला तेजलताईंच्या काँप्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

त्यांनी आधी एवढंच विचारलं, "फॉरमॅट नाही ना केलं, काका?"

नाही म्हटल्यावर त्यांनी समजावलं. डबीत एक छोटी सर्किटची पट्टी असते. ती डिस्कवरची जागा मोठ्या मापाने मोजत होती, माझा जुना काँप्युटर लहान मापाने मोजतो. पायलीचा हिशेब शेराने मांडावा तसं झालं होतं. आतलं सगळं जागेवर होतं, फक्त मूळ डबी हवी होती.

घरी येऊन, डबी भंगारात का दिली म्हणून मी उज्वलावर ओरडलो. चूक माझी असली की माझा आवाज जरा जास्तच चढतो. ती स्टुलावर चढली आणि माळ्यावरून जुन्या चार्जरांची पिशवी काढली. डबी त्यात होती.

"दिली म्हणालीस ना?"

"तुमच्याशी वाद कोण घालणार?"

डिस्क डबीत घातली, वायरी जोडल्या. फोल्डर उघडलं. पहिल्याच फाइलीत आधी माझा आवाज आला, आईवर खेकसणारा, "मध्ये खोकू नकोस, परत सुरू कर."

मग आई म्हणाली, "दमले रे. यात लय जागा जाती का?"

"जाते."

"मंग कमी पडली तर माझं पुसून टाक बाबा. पोरांचे फोटू राहू दे."

रेकॉर्ड करताना मी बटणाकडे बघत असणार, ऐकलंच नसेल. आई खोकली आणि ओवी सुरू झाली. मला रडू आवरेना.

जरा वेळाने उज्वलाने विचारलं, सुरुवातीचं बोलणं रविवारी कापायचं का.

"नाही," मी म्हटलं. "खोकल्यासकट लावू. आधी तीन ठिकाणी कॉपी करून ठेव."