खालची टोटल

इंदिरानगरच्या ऑफिसात उज्वलाताईंचं सोमवारचं मौन आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. घरी जाऊन दिवा लावेपर्यंत त्या बोलत नसत. कुणी काही विचारलं तर चिठ्ठीवर लिहून देत.

कंपनी सुरगाण्याकडच्या बायकांकडून नागली, म्हणजे नाचणी, विकत घेई. कोणत्या खरेदी केंद्रावर किती बायकांनी नागली घातली, याचा रिपोर्ट उज्वलाताईंनी बनवला होता. त्या सोमवारी मीटिंगमध्ये दीपक सरांनी तो पडद्यावर लावला आणि सहज मोबाइलवर केंद्रांचे आकडे मिळवून पाहिले. बेरीज खालच्या टोटलपेक्षा बरीच जास्त आली.

"कॉम्प्युटर काय खोटं बोलणार? बायका कमी आहेत आणि केंद्रांवर जास्त दिसताहेत. म्हणजे नावं घुसवलीत कुणीतरी. चंद्रभागाबाई, सगळ्यात फुगलेलं केंद्र तुमचं."

केंद्र सांभाळणाऱ्या चंद्रभागाबाई पहाटेच्या जीपनं आल्या होत्या. त्या उभ्या राहिल्या. "माझ्याकडं एकबी खोटं नाव नाय, सर. बाई समोर असल्याबिगर मी वजनच करत नाय."

"मग बेरीज का जुळत नाही?"

चंद्रभागाबाईंनी उज्वलाताईंकडे पाहिलं. रिपोर्ट कुणाचा, हे त्यांना ठाऊक होतं.

उज्वलाताईंना कारण तेव्हाच कळलं होतं. सूत्र त्यांनीच लिहिलेलं, एक बाई एकदाच मोजायची. केंद्राच्या ओळीत ते त्या केंद्रापुरतं मोजतं. खालच्या ओळीत मात्र ते वरचे आकडे मिळवत नाही, सगळ्या केंद्रांच्या बायका एकत्र घेऊन नव्यानं मोजतं. आणि तिकडच्या गावांत भाऊ बहिणीला नागलीतला वाटा देतो. ती सासरची नागली सासरच्या केंद्रावर घालते, भावाकडची माहेरच्या. नाव दोन्हीकडे, आणि दोन्हीकडे खरं.

हे चिठ्ठीवर दोन ओळींत मावलं असतं. पण मग सर विचारणार, टोटलखाली तसं लिहिलं का नाही? देण्याआधी बेरीज करून पाहिली नाही का? तेही सगळ्यांसमोर. उज्वलाताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान खाली घातली.

"ताईंचं मौन आहे," शेजारी बसलेली पायल हळूच म्हणाली.

चंद्रभागाबाईंनी कमरेची केंद्राची किल्ली काढून टेबलावर ठेवली. "हुडकून काढा खोट्या बाया," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

संध्याकाळी दिवा लागला, पण उज्वलाताईंना देवापुढे बसवेना. जोडलेले हातसुद्धा सोंग वाटू लागले. त्यांनी दीपक सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग सकाळी लिहून का नाही दिलंत?"

"लाज वाटली, सर."

"किल्ली उद्या तुम्हीच नेऊन द्या," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्या पोचल्या तेव्हा केंद्राला कुलूप होतं. बाहेर बायका पोती घेऊन बसलेल्या. त्यांच्यापासून जरा लांब, पायरीवर चंद्रभागाबाई. उज्वलाताई त्यांच्याशेजारी बसल्या. "बाई, चूक माझी होती. मला ठाऊक असून मी गप्प राहिले."

"तुमचं मौन व्हतं ना."

उज्वलाताई नुसतं 'हो' म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. "मौन होतं. पण मी त्याच्याआड लपले."

उज्वलाताईंनी किल्ली पुढे केली. चंद्रभागाबाईंनी तिला हात लावला नाही. "मला सांगून काय उपेग? माझ्याआधी बातमी गावात पोचली. ह्या बायांना वाटतंय, मीच त्यांच्या नावावर कायतरी खाल्लं. त्यांना सांगा."

उज्वलाताई उठल्या, बायकांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नेहमीच्या हळू आवाजात त्यांनी सुरुवात केली. पोत्याला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या कुसाबाईनं कानाशी हात नेला.

"मोठ्यानं बोल गं बाई. तेवढं देवाला ऐकू जात आसंल, आमाला नाय."

मागं कुणीतरी हसलं. उज्वलाताईंनी पदर सावरला आणि पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगायला लागल्या.