पाणसळीतला बुडबुडा

माझे बाबा फरशी बसवतात. पंचवीस वर्षं जमिनीवर रांगून त्यांनी अर्ध्या गावाची घरं गुळगुळीत केली आणि स्वतःच्या उजव्या गुडघ्याची पार वाट लावली. आता खुद्द माझ्या शाळेच्या नव्या सभागृहाचं काम आलं होतं, आणि बाबा जिना उतरताना जे काही पुटपुटायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मुकादमांनी स्पष्टच सांगितलं, "महिनाभर थांबतो. फिजिओबाई हो म्हणाल्या तर काम तुमचं, नाहीतर दुसरा कारागीर बघतो."

फिजिओबाईंनी व्यायाम दिले. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन ती दाबायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, हात न टेकता खुर्चीवरून उठायचं. देखरेखीला मी! शिट्टीसकट!

"पोरगी आहेस का पोलीस?" बाबा करवादले. पण रोज नेमाने केलं.

पंधरा दिवसांनी बाईंनी टेपने दोन्ही मांड्या मोजल्या. मग परत मोजल्या.

"काका, डावा पाय चांगला पैलवान झालाय. पण दुखतो तो उजवा ना?"

बाबा छत निरखायला लागले. "उजव्याने केलं की कळ येते हो. म्हटलं, डाव्याने करू. तोही आपलाच पाय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी शिट्टी हळूच खिशात सरकवली.

"थोडं दुखेल, चालेल. सूज आली तर थांबा," बाई म्हणाल्या. "आणि उठताना तुम्ही डावीकडे कलता."

"मी? मी कुठे कलतो?"

घरी येताच मी त्यांच्या हत्यारांच्या पिशवीतून पाणसळ काढली. तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला नाही, तर बाबा बसवलेली अख्खी ओळ उखडतात. मी ती मागून त्यांच्या कमरेला आडवी लावली.

"उठा."

बुडबुडा टोकाला पळाला.

"पट्टा वाकडा असेल."

मी पट्टा सरळ केला. बुडबुडा पुन्हा पळाला.

"बाबा, फरशी अशी असती तर?"

"उखडली असती," ते पडेल आवाजात म्हणाले.

झालं! त्यानंतर शिट्टीची गरजच उरली नाही. "अगं ठमे, पाणसळ आण!" दिवसातून तीनदा हाक. आई म्हणायची, "आधी जेवा, मग लेव्हल बघा."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी बाईंसमोर दहा वेळा उठायचं होतं. पाणसळ माझ्या हातात. आठव्या वेळी बुडबुडा थरथरला, बाबांनी ओठ चावला. नववी वेळ. दहावी. मधोमध!

"करा काम," बाई हसल्या. "पण गुडघ्याखाली जाड गादी, आणि दर अर्ध्या तासाने उठून एक फेरी."

सोमवारी मधल्या सुट्टीत मी सभागृहाच्या दारात जाऊन जोरात शिट्टी फुंकली. बाबा गादीवरून सावकाश उठले, सरळ उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, "बघ गं, कललो का?"