चाळणीत अडकलेले पत्र

मी एक जुनी चाळणी आहे. पण मित्रांनो, मला स्वयंपाकघरात शोधू नका. मी राहते एका कॉम्प्युटरमध्ये, ई-मेलच्या दाराशी. आत येणाऱ्या प्रत्येक पत्राला मी न्याहाळते. चांगले असेल तर पुढे सोडते, फसवे असेल तर ‘जंक’ नावाच्या फोल्डरात ढकलते. आज माझी तब्येत ठीक आहे. तरी ते चौदा दिवस आठवले की अजून थरथरते, म्हणून ते एकदा सांगून टाकते. जरा चित्त देऊन ऐका.

माझे मालक दात घडवणारे कारागीर. दुसऱ्या मजल्यावर त्यांची एवढीशी खोली. खिडकीशी लांब टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, कोपऱ्यात भट्टी आणि भट्टीशेजारी आमचा कॉम्प्युटर. कीबोर्डवर कायम पांढरी धूळ. माणूस मात्र विलक्षण टापटिपीचा. हातातले काम संपले की टेबल पुसल्याशिवाय पाणीसुद्धा पीत नसे.

मला कामाला लावले त्यांच्या पुतणीने. ती रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला. पाय कधी एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. लॉटरीची आणि केस उगवणाऱ्या तेलाची पत्रे येऊन काकांचा इनबॉक्स तुंबला होता. तिने दहा मिनिटांत मला चालू केले, जंकमधले चौदा दिवसांपूर्वीचे सारे आपोआप पुसले जावे अशी सेटिंग केली आणि काकांना एक बटण दाखवले. त्या बटणावर ज्वाळेचे चित्र होते. नको ते पत्र दिसले की हे दाबा, ते जंकमध्ये जाईल आणि चाळणी आपोआप शिकेल, असे सांगून ती चपला घालता घालता निघूनही गेली.

पहिले वर्षभर माझे कौतुक झाले. ‘चाळणी मोठी हुशार’ असे काका आल्यागेल्याला सांगत. मीही थोडी फुगले. खोटे कशाला बोलू?

पण मित्रांनो, काकांनी ती ज्वाळा आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी पाहिली होती. धातूचा दात करायचा तर आधी तो मेणाचा घडवतात, त्याभोवती साचा ओततात, आणि साचा घट्ट झाला की मेण भट्टीत जाळून टाकतात. काम झालेल्या वस्तूला भट्टी, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेले. म्हणून पत्र वाचून झाले, उत्तर धाडले, की ते ज्वाळेचे बटण दाबत. दाताच्या डॉक्टरीणबाईंची मापे आली, कवळी पोहोचती झाली, की दाबले बटण. थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईंचे, पत्र दोनदा वाचले, मनात ठेवले, की दाबले बटण.

आणि मी शिकत गेले. मला बरेवाईट कळत नाही हो, मी फक्त बोटामागोमाग जाते. ‘गुडघे दुखतात’ म्हणजे कचरा. ‘सांभाळून राहा’ म्हणजे कचरा. ‘जेवलास का’ म्हणजे तर हमखास कचरा. असे मला त्या प्रेमळ माणसाच्या हातानेच शिकवले.

ताई दूरच्या गावी एकट्या राहत. कान गेल्यापासून त्यांचा फोन बंद झाला होता, म्हणून पत्रे. एक ताईंचे, एक काकांचे, अशी पाळी ठरलेली. विषयाच्या जागी त्या नेहमी एकच शब्द लिहीत: ‘धाकट्यास’.

पाच तारखेला त्यांचे पत्र आले. मी वाचले आणि गारठले. “धाकट्या, डावा डोळा केव्हाच गेला. आता उजव्याचं ऑपरेशन आहे, एकवीस तारखेला. दिसेलच अशी खात्री डॉक्टर देत नाहीत. त्याआधी एकदा येऊन समोर बस. तुझा चेहरा नीट बघून घ्यायचाय. जेवलास का?”

शब्दांचे वजन झाले. शंभरात अठ्ठ्याण्णव भाग कचरा. मी ते पत्र जंकमध्ये ढकलले. ढकलावेच लागले. तेव्हापासून मी दिवस मोजू लागले. एकोणीस तारखेच्या सकाळी कॉम्प्युटर सुरू झाला की ते पत्र पुसले जाणार होते.

बारा तारखेला दुसरे आले. “येत नाहीस का? रागावलास का माझ्यावर?” तेही माझ्याच हातून अडले. त्यानंतर ताई गप्प झाल्या.

काका रोज सकाळी इनबॉक्स उघडत, चष्मा पुसत आणि बंद करत. एकदा भट्टीकडे पाहून पुटपुटले, “माझं पत्र गेलंय, आता पाळी तिची. रुसली असेल तर रुसू दे.” मला वाटले, ओरडावे. पण देवाने मला तोंड दिलेले नाही. ज्याला तोंडच नाही त्याची प्रार्थना वर कोणत्या फोल्डरात पडत असेल, या विचाराने मी अधिकच घाबरले. चौदा, पंधरा, सोळा. माझ्यातली जुनी पत्रे रोज सकाळी पुसली जात, आणि ‘धाकट्यास’ कड्याच्या टोकाकडे सरकत जाई.

अठराच्या दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. माप पाठवून नऊ दिवस झाले, पेशंट दातांवाचून बसला आहे आणि आता आपल्यावरच दात ओठ खातो आहे, फक्त त्याला दात नाहीत, असे त्या म्हणाल्या. काकांनी शपथेवर सांगितले की पत्र आलेच नाही. दोघेही चिडले. शेवटी काकांनी भिंगरीला बोलावले. ती लॅबमधून तशीच आली आणि तिने माझे फोल्डर उघडले.

“काका, बाईंचं पत्र जंकमध्ये कसं? तुम्ही ते ज्वाळेचं बटण कधी दाबता?”

“काम झालं की.”

“प्रत्येक वेळी?”

“मग? टेबल स्वच्छ ठेवावं माणसानं.”

भिंगरीने कपाळाला हात लावला. बाईंचे पत्र तिने बाहेर काढले आणि मग तिचा बाण ‘सर्व रिकामे करा’ या बटणावर जाऊन थांबला. “बाकीचा कचरा टाकून देऊ?”

“दे टाकून.”

मित्रांनो, त्या एका क्षणात मी किती वेळा मेले ते सांगता येत नाही. पण काकांच्या डोळ्यांना बारीक बघायची सवय. लॉटरी आणि केसांचे तेल यांच्या मधोमध त्यांना एक शब्द दिसला.

“थांब,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक होता.

त्यांनी दोन्ही पत्रे उभ्या उभ्या वाचली. ताईंची आधीची सगळी पत्रे कुठे आहेत, असे त्यांनी विचारले. भिंगरीने मान खाली घातली. ती पुसली गेली होती, आणि आता परत येणार नव्हती. शिकवायला आपणच चुकलो, असे ती म्हणाली. काकांनी तिच्या डोक्यावर प्लास्टर लागलेला हात ठेवला आणि गाडीची वेळ विचारली. निघण्यापूर्वी दोन्ही पत्रांवर ‘जंक नाही’ हे बटण त्यांनी स्वतः दाबले, आणि भिंगरीने ताईंचा पत्ता ओळखीच्या वहीत घातला. वहीतल्या माणसाला मी अडवायचे नाही, असा तिने मला हुकूम दिला.

एकोणीसला खोली बंद होती. एकवीसलाही. कॉम्प्युटरही बंद, त्यामुळे मला काहीच कळेना.

काका परतले आणि थेट भट्टीशी कामाला लागले. काही दिवसांनी एक पत्र आले. अक्षरे चुकलेली, मध्येच दोन शब्द एकमेकांत घुसलेले. “धाकट्या, मीच लिहितेय. पट्टी काढली. थोडं धूसर आहे, पण दिसतंय. त्या दिवशी तुझ्या कानामागे प्लास्टर लागलं होतं, सांगायचं राहिलं. जेवलास का?” माझ्या तराजूत अजूनही शंभरात नव्वद भाग कचराच भरला. पण पत्ता वहीत होता. मी बाजूला झाले आणि पत्र पुढे गेले. काकांनी ते वाचले, हात कानामागे नेला, आणि ज्वाळेच्या बटणाला बोट लावले नाही.

मित्रांनो, मी वाईट नाही, मी आंधळी आहे. तुमचे बोट जे शिकवील तेच मी शिकते. म्हणून आठवड्यातून एकदा माझ्या फोल्डरात डोकावत जा. लॉटऱ्यांच्या गर्दीत, तुम्ही जेवलात का एवढेच विचारायला आलेले कुणी तिथे ताटकळत असेल, आणि मला त्याला आत सोडता येत नसेल.